केचिकनहून फ्लोटप्लेननं अस्वलं बघायला: क्रूझवाल्यांसाठी सगळी तयारी

अलास्का क्रूझ ठरवताना बहुतेक घरांत आधी केबिन ठरते, मग तारीख, आणि सहलींचा विचार होतो जहाजावर चढल्यावर. फ्लोटप्लेननं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं, अस्वलं बघायला जायचं असेल तर हा क्रम उलटा करा. अस्वलं सॅमन माशांच्या मागे येतात, सॅमन ठराविक आठवड्यांतच ओढ्यांत शिरतात, आणि विमानात प्रवासी बसतात जेमतेम सहा. जहाजाची तारीख या सगळ्याशी जुळली तर सहल सार्थकी लागते. नाही जुळली तर शेकड्यांनी डॉलर मोजून नुसती झाडं बघून परत यायची वेळ येते.

इथली माहिती मुख्यतः केचिकनची आहे. हे गाव अलास्काच्या दक्षिण टोकाला, रेव्हिलागिगेडो बेटावर. बाहेरून इथे रस्ता येत नाही. मोठ्या विमानांचा विमानतळसुद्धा समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर, फेरीबोटीनं जावं लागतं तिथे. त्यामुळे पाण्यावरून उडणारी छोटी विमानं ही इथली रोजची वाहतूक आहे. टपाल जातं, किराणा जातो, माणसं जातात आणि उन्हाळ्यात पर्यटकही जातात.

आधी महिना, मग बाकीचं

क्रूझचा हंगाम साधारण एप्रिल अखेर ते ऑक्टोबर. यातले अस्वलांचे दिवस म्हणजे जुलैचा मध्य ते ऑगस्ट अखेर, फार तर सप्टेंबरचे पहिले दिवस. या काळात पिंक सॅमन ओढ्यांत चढतात. नराच्या पाठीला अंडी घालण्याच्या दिवसांत कुबड येतं म्हणून तिथले लोक त्याला ‘हंपी’ म्हणतात. ओढा माशांनी भरला की अस्वलं एका जागी जमतात आणि माणसांकडे फारसं लक्ष देत नाहीत.

मे-जूनमध्ये अस्वलं असतातच, पण विखुरलेली. भरतीरेषेजवळच्या गवतावर चरत असतात. दिसली तर दिसली. तुमचं जहाज मे किंवा जूनमध्ये असेल तर अस्वलांचा हट्ट सोडा आणि मिस्टी फ्योर्ड्सची सहल घ्या. १९७८ मध्ये संरक्षित स्मारक जाहीर झालेला हा सुमारे २३ लाख एकरांचा मुलूख आहे. हिमनद्यांनी कोरलेल्या ग्रॅनाइटच्या उभ्या भिंती, वरून कोसळणारे धबधबे, आणि खाडीच्या मधोमध उभा २३७ फुटांचा न्यू एडीस्टोन रॉक. वसंतात बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे उलट मे-जूनमध्येच जास्त जोरात असतात. बरीच विमानं वाटेत एखाद्या तळ्यावर उतरतात आणि प्रवाशांना फ्लोटवर, म्हणजे विमान ज्यांवर तरंगतं त्या खालच्या पोकळ तराफ्यांवर, उभं राहू देतात. माझ्या मते जूनमधल्या प्रवाशाला एवढं पुरेसं आहे.

कुठली सहल

केचिकनहून अस्वलांसाठी विमानं मुख्यतः तीन बाजूंना जातात. त्याच बेटावरचं ट्रेटर्स कोव्ह आणि मार्गारेट क्रीक, पश्चिमेचं प्रिन्स ऑफ वेल्स बेट, आणि उत्तरेला मुख्य भूमीवरचं अनान क्रीक.

मार्गारेट क्रीकला माशांना वर चढण्यासाठी बांधलेली पायऱ्यांची वाट आहे आणि बघणाऱ्यांसाठी मचाण आहे. उतरल्यावर थोडं गाडीनं, थोडं पायी जायचं. इथे आणि प्रिन्स ऑफ वेल्सला बघायला मिळतात ती काळी अस्वलं. अनानला काळी आणि तपकिरी दोन्ही एकाच ओढ्यावर येतात. हे फार थोड्या ठिकाणी दिसतं, म्हणूनच तिथे गर्दीवर लगाम आहे. ५ जुलै ते २५ ऑगस्ट या काळात परवाना लागतो आणि दिवसाला ६० जणांनाच मिळतो. संघटित सहलीत परवाना कंपनीच्या कोट्यातून येतो, तुम्हाला वेगळा काढावा लागत नाही. पण बुकिंग करताना ‘परवाना यात धरलाय का’ हे विचाराच. किनाऱ्यापासून मचाणापर्यंत अर्धा मैल जंगलातली पायवाट आहे.

‘अलास्काला गेलो आणि ग्रिझली बघितलं’ असं घरी सांगायचं असेल तर नकाशा आधी बघा. आग्नेय अलास्कातल्या बेटांचा हिशेब सरळ आहे: अ‍ॅडमिरल्टी, बॅरनॉफ आणि चिचागॉफ या उत्तरेच्या तीन बेटांवर फक्त तपकिरी अस्वलं, प्रिन्स ऑफ वेल्ससारख्या दक्षिणेच्या बेटांवर काळी. ग्रिझली आणि तपकिरी अस्वल ही एकच जात. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल, कारण काळं अस्वल दालचिनी रंगाचंही असू शकतं. खांद्यावरचा उंचवटा बघा. तो असेल तर तपकिरी.

तपकिरीच हवं असेल तर जूनो या अलास्कातल्या दुसऱ्या बंदराहून अ‍ॅडमिरल्टी बेटावरच्या पॅक क्रीकला जाता येतं. तिथेही ५ जुलै ते २५ ऑगस्ट दिवसाला फक्त २४ जणांना परवानगी. ही सहल अर्ध्या दिवसाच्या वर जाते. तुमचं जहाज जूनोला आठ तासांपेक्षा कमी थांबणार असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

बुकिंग: जहाजाकडून की थेट?

जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. थेट विमान कंपनीकडे केलेलं बुकिंग बऱ्याचदा स्वस्त पडतं, गट लहान असतो, वेळही निवडता येते. पण धक्क्यावर पोचायला उशीर झाला तर जहाज गेलेलं असेल. थेट घेणार असाल तर परतीची वेळ आणि ‘सगळ्यांनी जहाजावर’ ही वेळ यांत निदान दोन तास मोकळे ठेवा. ही वेळ जहाज सुटण्याच्या बहुधा अर्धा तास आधीची असते, हेही धरा. थेट बुकिंग असेल तेव्हा पासपोर्टही पाणी न शिरणाऱ्या पिशवीत सोबत असू द्या.

सकाळी पहिल्या फेरीचा मोह होतो. ऑगस्टमध्ये सकाळी धुकं खाली बसलेलं असतं, आणि पहिली फेरी त्यातच अडकते. दुसरी किंवा तिसरी फेरी घ्या. ती पुढे ढकलली गेली तरी दिवस हातात राहतो. शेवटची फेरी घेतली तर ती सोय नाही.

दोन गोष्टी बुकिंगच्या आधी नक्की विचारा. पहिली, जहाज कुठे लागणार? काही जहाजं गावातल्या धक्क्याला लागतात, काही सात मैलांवरच्या वॉर्ड कोव्हला. तिथून गावात बसनं यायला वेळ जातो. दुसरी, कुठलं घड्याळ? अलास्काची वेळ सिअ‍ॅटल-व्हँकुव्हरच्या एक तास मागे आहे. काही जहाजं घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, जहाज मात्र आपल्या वेळेनं सुटतं. सहलीच्या तिकिटावरची वेळ यातली कुठली, हे लिहून घ्या. पुण्यात आजीला व्हिडिओ कॉल करायचा असेल तर उन्हाळ्यात भारत साडेतेरा तास पुढे असतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक वेगळी ताकीद. अमेरिकेत मुलांकडे आलेले आई-बाबा सिअ‍ॅटलच्या क्रूझवर निघतात तेव्हा ‘अमेरिकेतून अमेरिकेतच तर जातोय’ असं वाटतं. ते खरं नाही. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं, म्हणून ही जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. त्यासाठी आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो, मग ते तिथे उतरोत वा न उतरोत. तो नसेल तर सिअ‍ॅटललाच जहाजावर घेत नाहीत. ग्रीन कार्ड असलेल्यांना हा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं.

वजन, कपडे, पिशवी

या मार्गांवर सगळ्यात जास्त दिसणारं विमान म्हणजे डी हॅविलंड बीव्हर. १९४७ साली पहिल्यांदा उडालं, १९६७ मध्ये बनायचं थांबलं, आणि अजून रोज उडतंय. नाकात ४५० अश्वशक्तीचं गोल इंजिन, वैमानिकासह जास्तीत जास्त सात माणसं. त्याचा मोठा भाऊ ऑटर, त्यात जास्त माणसं मावतात.

एवढ्याशा विमानात वजनाचं गणित चुकवून चालत नाही. काउंटरवर तुम्हाला कपडे, बूट, कॅमेऱ्यासकट काट्यावर उभं करतील. बुकिंगच्या वेळी पाउंडांत खरं वजन सांगा (किलोला २.२ नं गुणायचं). ठराविक वजनाच्या वर बऱ्याच कंपन्या जादा पैसे किंवा दुसरी सीट लावतात. लाजून पंधरा किलो कमी सांगितलं आणि काट्यावर आकडा वेगळा आला, तर बसण्याची रचना बदलते, कधी कुणाला तरी खाली राहावं लागतं. बसायची जागा वैमानिक ठरवतो, आणि ती वजनावरूनच ठरते. ‘आम्हा नवरा-बायकोला शेजारी बसवा’ किंवा ‘पुढची सीट मला’ असा आग्रह धरू नका.

कपडे थरांचे. आत गरम बनियन, मधे फ्लीस, वर पावसाचं जाकीट. छत्रीचा उपयोग नाही. केचिकनला वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे पावसाला तिथे कुणी पाऊस म्हणत नाही. बाहेरचं जाकीट गडद रंगाचं घ्या; कारण पुढे फोटोंच्या भागात येईल. पायात रबरी तळव्याचे बंद बूट. किनाऱ्यावर उतरायचं असेल तर गमबूट बहुधा कंपनीच देते, फक्त मापाची खात्री करा.

पिशवी एकच, छोटी आणि मऊ. आणि खाणं? अजिबात नाही. अनानला पायवाटेवर खाद्यपदार्थ न्यायला बंदीच आहे. मराठी पिशवीत कुठेतरी चिवड्याची पुडी, शेंगदाण्याचा लाडू, गेला बाजार आल्याची वडी असतेच. निघण्याआधी सगळ्या पिशव्यांचे सगळे कप्पे उलटे करून झाडा, सुगंधी च्युइंगमसकट. अस्वलाला एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की पुढे ते माणसांच्या मागे लागतं आणि शेवटी जिवानिशी जातं. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा स्वतः विकत घेऊ नका. विमानाच्या केबिनमध्ये तो चालत नाही; लागलाच तर वैमानिक फ्लोटमधल्या कप्प्यात ठेवतो आणि गाइडकडे असतोच.

विमानात स्वच्छतागृह नसतं. निघण्याआधी जाऊन या, आणि चहाचा दुसरा कप टाळा. गाडी लागणाऱ्यांनी तासभर आधी गोळी घ्यावी. जहाजावर मेक्लिझिन मिळते, घरून अ‍ॅव्होमिन नेली तरी चालेल, पण रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. रिकाम्या पोटी जाऊ नका. हवेतले धक्के एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यासारखे असतात, आणि रिकाम्या पोटी ते जास्त लागतात.

धक्क्यावर आणि विमानात

तरंगत्या धक्क्यावर उतरायला एक फळीसारखा पूल असतो. केचिकनला भरती-ओहोटीतला फरक कधी कधी २० फुटांच्या वर जातो, त्यामुळे भरतीला हा पूल जवळजवळ सपाट असतो आणि ओहोटीला चांगलाच उभा. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघून फेरी निवडा. चढताना कठडा धरा, लाकूड ओलं असतं.

मग क्रम असा:

१. वैमानिक बोलावेपर्यंत विमानाजवळ जायचं नाही. पंखा थांबलेला असला तरी तो चालू आहे असंच समजायचं.
२. धक्क्यावरून फ्लोटवर पाय टाकताना पंखाला आधार देणारा तिरका दांडा धरायचा. तिथून मागच्या दिशेनं दारापाशी. पुढे नाकाकडे कधीच नाही.
३. आत गेल्यावर पट्टा लावायचा, हेडफोन चढवायचा, आणि दाराची कडी हातानं एकदा चाचपून घ्यायची. ती कुठे वळते हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.
४. कमरेला बांधलेली पाऊच म्हणजे जीवरक्षक जाकीट. ते विमानाच्या आत फुगवायचं नाही. पाणी शिरलं तर फुगलेलं जाकीट तुम्हाला छताला चिकटवून ठेवतं आणि दारापर्यंत जाऊ देत नाही.

अपघातात विमान उलटलं तर: हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, एका हातानं दार किंवा खिडकीची कड पकडायची, दार उघडायचं, मग पट्टा सोडायचा, पकडलेल्या हाताच्या ओढीनं बाहेर, आणि बाहेर आल्यावरच जाकीट फुगवायचं. हे वैमानिक सांगतो तेव्हा निम्मे लोक फोटो काढत असतात. तुम्ही ऐका.

निघण्याआधी वैमानिक फ्लोटवर वाकून काहीतरी उपसताना दिसेल. फ्लोट आतून कप्प्याकप्प्यांचे असतात आणि प्रत्येकात थोडंफार पाणी झिरपतं. वरच्या भोकांमधले छोटे रबरी चेंडू काढून तो हातपंपानं ते पाणी बाहेर काढतो. फ्लोट गळतोय असा अर्थ काढून घाबरू नका. पंप न मारता निघाला तर मात्र विचारा. उड्डाणाच्या आधी तो फ्लोटच्या मागची छोटी सुकाणू वर उचलतो, मग इंजिन गर्जतं, नाक उंचावतं, आणि काही सेकंदांत विमान पाण्याच्या पृष्ठभागावर आडवं घसरू लागतं. त्यानंतर उचलल्याचा धक्काही जाणवत नाही.

उतरताना अगदी आरशासारखं शांत पाणी बघून हायसं वाटतं. वैमानिकाला उलट असं पाणीच अवघड जातं, कारण त्यात पृष्ठभाग नेमका कुठे आहे ते डोळ्यांना कळत नाही. थोड्या लाटा असलेल्या बऱ्या. त्यामुळे शांत तळ्यावर तो बराच वेळ हळूहळू खाली येत राहिला तर समजा की काम नीट चाललंय.

अस्वलांपाशी

विदर्भात वाढलेल्यांच्या मनात अस्वल म्हणजे मेळघाटातलं, अचानक समोर आलं की अंगावर धावून येणारं. सॅमनच्या ओढ्यावरचं अस्वल वेगळं वागतं: पोट भरायची घाई, समोर हवं तेवढं अन्न, आणि वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच अंतरावर उभी राहणारी माणसं. सगळी सुरक्षितता या सवयीवर उभी आहे. तुमचं काम एवढंच की तुम्हीही कालच्या माणसांसारखं वागायचं.

गटानं राहा, एकट्यानं मागे रेंगाळू नका. वाटेवर साध्या आवाजात बोलत चला, म्हणजे वळणावर अस्वल दचकत नाही. मचाणावर मात्र आवाज खाली. अस्वल आणि ओढा, किंवा आई आणि पिल्लू यांच्या मधे उभं राहू नका. अस्वल तुमच्या दिशेनं आलं तर पळायचं नाही; सगळ्यांनी जवळ यायचं, गाइड सांगेल तसं सावकाश मागे सरकायचं. फ्लॅश बंद. ओहोटीला ओढ्याच्या तोंडाशी पाणी उथळ होतं, मासे उघडे पडतात, आणि अस्वलं खाली उतरतात. म्हणून भरतीचं कोष्टक इथेही कामाला येतं.

फोटोंसाठी २०० ते ४०० मिमीची लेन्स पुरते. तो पर्जन्यवनाचा मुलूख आहे, दुपारीही अंधारलेला असतो, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० पर्यंत न्यायला कचरू नका. विमानातून शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान ठेवा. लेन्स काचेजवळ न्या पण टेकवू नका, थरथर फोटोत येते. पोलरायझर (लेन्सवरचा चमक कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा. विमानाच्या प्लास्टिक खिडकीतून त्यामुळे इंद्रधनुषी पट्टे येतात. आणि गडद जाकीट एवढ्यासाठी, की पांढरं किंवा पिवळं जाकीट खिडकीत उमटतं आणि प्रत्येक फोटोत तुम्हीच दिसता.

रद्द झालं तर

नुसत्या पावसानं उड्डाण रद्द होत नाही, म्हणून खिडकीतून पाऊस बघून स्वतःहून माघार घेऊ नका. ढग खाली आले, दिसणं कमी झालं किंवा वारा वाढला की होतं. अमेरिकी नियमांनुसार अशा सहलींना दिवसा जमिनीपासून ५०० फुटांच्या खाली उडता येत नाही, आणि ढगांचा तळ १००० फुटांच्या खाली असेल तर हवाई वाहतूक नियंत्रण नसलेल्या आकाशात निदान दोन मैल दिसायला हवं. डोंगर त्याहून उंच आहेत, त्यामुळे शहाणा वैमानिक याच्या बराच आधी थांबतो.

त्याच्याशी वाद घालू नका. २०१५ च्या जूनमध्ये केचिकनजवळ सहलीचं एक विमान ढगांत शिरून डोंगरावर आदळलं. वैमानिक आणि क्रूझचे आठ प्रवासी गेले. सरकारी तपासात वैमानिकाच्या निर्णयाबरोबरच खराब हवेत उडणं चालवून घेणारी कंपनीतली वृत्ती आणि धंद्यातल्या चढाओढीचा दबावही कारण ठरला. २०१९ मध्ये दोन सहलींची विमानं हवेतच धडकून सहा जण गेले. ‘आम्ही इतक्या लांबून आलोय, काहीतरी करा’ हे वाक्य या दबावातच भर घालतं. हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, आणि जहाजानं बंदरच वगळलं तर काय, हे बुकिंगच्या वेळी लेखी घ्या. प्रवास विम्यात नियमित विमानसेवेखेरीज इतर विमानं वगळलेली नाहीत ना, तेही पाहून ठेवा.

विमान नाही म्हणजे अस्वल नाही असंही नाही. जुलैच्या मध्यापासून पुढे असाल तर टॅक्सी करून दक्षिणेला आठेक मैलांवरच्या हेरिंग कोव्हला जा. मत्स्यबीज केंद्राच्या ओढ्यावर काळी अस्वलं येतात आणि रस्त्यावरच्या पुलावरूनही दिसू शकतात. ओहोटी लागलेली असताना पोचा, आणि टॅक्सीवाल्याला परतीसाठी थांबायला सांगा, कारण तिथे दुसरी टॅक्सी सहज मिळत नाही. तेवढा वेळ नसेल तर धक्क्यापासून चालत क्रीक स्ट्रीट गाठा. लाकडी खांबांवरच्या त्या गल्लीखालून ऑगस्टमध्ये सॅमन प्रवाहाविरुद्ध चढताना दिसतात. कठड्यावरून वाकून बघताना चष्मा सांभाळा.